बार्शीने काय शिकविले?
(ग्रामीण भागातील कर्करोग-सेवा व संशोधन : एक अभ्यास)

दौंड स्टेशनवर मुंबईकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत एखादे कुटुंब हमखास असे दिसते की, त्यांच्याजवळ सामान थोडे आणि फाइल जाड असते. कोठे निघालात म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले असते, "टाटाला चाललोय." शिरूरकडील लोक हीच फाइल घेऊन पहाटेच्या एस.टी.ने पुणे गाठतात. आम्ही बँकेत लिपिक आहोत. मुदत संपण्याआधी ठेव मोडण्यासाठी जे अर्ज आमच्या टेबलावर येतात, त्यांत लग्नाखालोखाल हेच कारण आम्ही अधिक पाहिले आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. कला शाखेचे साधे पदवीधर आहोत. तरीही या विषयावर अभ्यासलेख लिहिण्याचे धाडस करीत आहोत, याचे कारण एकच. गरीब देशांत, साधनांची टंचाई असताना कर्करोगाची सेवा आणि संशोधन कसे उभे करावे, या प्रश्नाचे जगाने मान्य केलेले एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, दौंडहून रेल्वेने काही तासांवर असलेल्या बार्शीत तयार झाले. ते उत्तर जगाने उचलले. आपल्या गावांत मात्र ते नीट पोहोचलेले नाही. ते काय आहे व आपण त्याचे काय करावे, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

१) आमच्या घरातील एक नोंद

आरंभी आमची स्वतःची चूक सांगतो. आमच्या एक मावशी दौंडला राहत. पाळी जाऊन तीन-चार वर्षे झाली होती आणि पुन्हा अंगावरून जाऊ लागले होते. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. कंबर दुखते, अशक्तपणा वाटतो, एवढेच म्हणत. एका दवाखान्यातून ताकदीच्या गोळ्या आणि सलाईन चालू होते. त्यासाठी त्यांनी आठ महिन्यांत तीन वेळा आमच्याच शाखेतून पैसे काढले. तिन्ही वेळा पैसे काढण्याची पावती आम्ही भरली, नोटा आम्ही मोजून दिल्या. "मावशी, सारखे पैसे कशाला लागतात?" एवढे विचारले, पण त्या "औषधाला" म्हणाल्या आणि आम्ही पुढच्या ग्राहकाकडे वळलो. भाच्याने मावशीला याहून अधिक काय विचारायचे, असा तो संकोच होता.

हे २००९ साल. मुंबईला तपासणी झाली तेव्हा गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कर्करोग तिसऱ्या अवस्थेत होता. किरणोपचार झाले, वेदना काही काळ थांबल्या. पुढच्या वर्षी मावशी गेल्या.

त्याच २००९ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हा त्याचा निष्कर्ष होता. आणि ही तपासणी अमेरिकेतील स्त्रियांची नव्हती. ती मावशींसारख्याच, लुगडे नेसणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यातील स्त्रियांची होती. हे आम्हांस फार उशिरा कळले. म्हणून हा अभ्यास.

२) प्रश्न नेमका कोठे आहे?

जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग झाला आणि ९ लाखांहून अधिक लोक त्याने मरण पावले. त्यांपैकी गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया सुमारे १ लाख २७ हजार, आणि त्याने दगावलेल्या सुमारे ८० हजार होत्या. जगात या रोगाने त्या वर्षी सुमारे साडेतीन लाख स्त्रिया गेल्या. त्यांतील दहांपैकी नऊंहून अधिक गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होत्या. म्हणजे हा रोग जेवढा शरीराचा आहे, तेवढाच परिस्थितीचाही आहे.

याचे दुःख अधिक वाटते, कारण हा कर्करोग एका रात्रीत होत नाही. ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे (यालाच एचपीव्ही म्हणतात) तो होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना या शोधाबद्दल २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू लैंगिक संबंधातून येतो, अतिशय सर्रास आढळतो, आणि बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून आपोआप निघूनही जातो. त्यामुळे कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याचे काहीच कारण नाही. काही जणींच्या शरीरात मात्र तो टिकून राहतो. तेथील पेशी हळूहळू बदलतात आणि साधारण दहा ते वीस वर्षांनी कर्करोग होतो. एवढी मुदत क्वचितच कोणता रोग देतो. या मुदतीत बदललेला भाग सापडला, तर तो गोठवून किंवा तापवून काढून टाकता येतो. पिशवी काढावी लागत नाही.

श्रीमंत देशांनी ही मुदत वापरली. तेथे अनेक दशके 'पॅप' नावाची तपासणी होते. गर्भाशयमुखावरील पेशी काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पण त्यासाठी प्रशिक्षित तज्ज्ञ लागतात, प्रयोगशाळा लागते, आणि तीच स्त्री काही वर्षांनी पुन्हा पुन्हा यावी लागते. आपल्याकडे या तिन्ही गोष्टींची वानवा आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले गेले, की ही तपासणी आयुष्यात कधी झाली आहे काय? देशभरात 'हो' म्हणणाऱ्या शंभरांत दोनही भरल्या नाहीत.

३) मोजणीपासून सुरुवात

आपल्या देशात कर्करोगाचा स्वतंत्र विचार मुंबईत सुरू झाला. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजी टाटा गेले. त्यांच्या नावाच्या न्यासाने उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आले. मुंबईत कर्करोग्यांची पद्धतशीर नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली. देशातील ती पहिली नोंदणी होय.

पण ही सगळी शहराची मोजणी झाली. खेड्यात किती जणांना कर्करोग होतो, कोणता होतो, कोणत्या अवस्थेत कळतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. बँकेत आम्ही पाहतो की, ज्या व्यवहाराची नोंद नाही तो झालाच नाही असे धरले जाते. खेड्यातील कर्करोगाचे तसेच झाले होते. रोगी घरी मरे, कारण 'म्हातारपण' किंवा 'अशक्तपणा' असे सांगितले जाई, आणि सरकारदरबारी खेड्यात कर्करोग नाहीच असे वाटे.

ही त्रुटी भरून काढण्याचे काम १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाले. तेथील नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावांसाठी कर्करोग नोंदणी केंद्र उघडले. भारतातील हे पहिले ग्रामीण नोंदणी केंद्र. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांचे सहकारी यांचे नाव या कामाशी कायमचे जोडलेले आहे.

या नोंदणीची रीत मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. शहरात नोंदणी कारकून रुग्णालयात जाऊन केसपेपर पाहतो. खेड्यात केसपेपरच नसतो, मग पाहणार काय? म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. सरपंच, शिक्षक, सुईण, दवाखान्यातील कर्मचारी यांच्याशी ओळखी केल्या. अंगावरून रक्त जाणे, स्तनातील गाठ, तोंडातील न भरणारी जखम, गिळताना होणारा त्रास, ही लक्षणे काय सांगतात ते लोकांना समजावून दिले. अशी तक्रार कोणी सांगितली, तर तिला रुग्णालयापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था केली. म्हणजे नुसती मोजणी झाली नाही. मोजणाऱ्याने रोग्याचा हात धरला.

याचा परिणाम थोड्याच वर्षांत दिसला. नवीन यंत्र आले नव्हते, नवीन औषध आले नव्हते. तरीही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. १९९० च्या दशकात हा अनुभव आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आमच्या मते बार्शीचा पहिला धडा हाच आहे. साधने नसतील तेथे आरंभ मोजणीपासून करावा, आणि मोजणारा माणूस असा असावा की, ज्याला गावातील स्त्री आपली तक्रार सांगू शकेल.

४) एक लाख एकतीस हजार स्त्रिया

बारा वर्षांच्या या पायावर पुढचे मोठे काम उभे राहिले. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात एक प्रयोग सुरू झाला. त्यात टाटा मेमोरियल, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑं येथील जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था एकत्र आल्या. प्रश्न साधा होता. आपल्यासारख्या ठिकाणी, आयुष्यात एकदाच तपासणी करणे शक्य असेल, तर कोणती करावी?

३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया यात होत्या. गावांचे ५२ समूह पाडून ते चार गटांत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटले गेले. पहिल्या गटातील स्त्रियांची एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी झाली. दुसऱ्या गटात पॅप तपासणी झाली. तिसऱ्या गटात सर्वांत स्वस्त रीत वापरली गेली. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे आपल्या व्हिनेगरच्या जातीचे पाणी लावायचे आणि मिनिटभराने उजेडात पाहायचे. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. चौथ्या गटातील स्त्रियांना रोगाची माहिती दिली गेली, तपासणी केली गेली नाही.

आता याचा आवाका लक्षात घ्या. आरोग्य कार्यकर्ते घरोघरी गेले. ज्या बाईने नवऱ्यालाही कधी दुखणे सांगितले नाही, तिला तपासणीचे कारण समजावून संमती घेतली. तिला वाहनाने केंद्रावर आणले आणि परत सोडले. नमुने बार्शीच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. दोष सापडलेल्यांवर उपचार झाले. आणि मग कोणाला रोग झाला, कोण दगावले, याचा आठ वर्षे पाठपुरावा झाला. या शेवटच्या कामाला नोंदणी केंद्र उपयोगी पडले. नोंदणीची सवय नसती तर आठ वर्षांनी त्या सव्वा लाखांहून अधिक स्त्रिया शोधायच्या कशा?

निकाल असा लागला. तपासणी न झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ६४ स्त्रिया मरण पावल्या. व्हिनेगर तपासणीच्या गटात ५६, पॅपच्या गटात ५४, आणि एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. पुढच्या अवस्थेतील कर्करोगही एचपीव्ही गटात निम्म्याहून कमी आढळला. व्हिनेगर आणि पॅप गटांतील फरक इतका थोडा होता की, तो योगायोगानेही पडू शकला असता. एचपीव्ही गटाचा फरक मात्र ठोस होता. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरासाठी एचपीव्ही तपासणी ही पहिली पसंती ठरविली, त्यामागील पुराव्यांत भूम-परांड्याच्या शेजारपाजारच्या या बायाबापड्यांचा वाटा मोठा आहे.

५) चौसष्ट या आकड्याविषयी

येथे थोडे थांबले पाहिजे. आकड्यांचे काम करणाऱ्या माणसाला आकडा लिहून पुढे जाण्याची सवय असते. आमची तीच चूक वर सांगितली आहे.

तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या. त्यांतील ६४ गेल्या. त्यांची तपासणी झाली असती तर यांतील किती वाचल्या असत्या? हा प्रश्न देशात आणि परदेशात विचारला गेला आणि त्यावरून बरेच वादंग झाले. संशोधकांचे म्हणणे असे, की त्या भागात एरवी कोणालाच तपासणी मिळत नव्हती; तुलनेला गट नसता तर कोणती पद्धत खरोखर प्राण वाचविते हे कळलेच नसते. टीकाकार म्हणतात, की लवकर तपासणी केल्याने लाभ होतो हे जगाला आधीच ठाऊक होते. श्रीमंत देशातील स्त्रियांबाबत असे कोणी केले असते काय?

आम्हांस दोन्ही बाजूंत तथ्य दिसते आणि याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. पण एक गोष्ट आम्ही ठामपणे म्हणू. ज्या स्त्रियांच्या मरणातून हे ज्ञान मिळाले, त्यांचे ऋण ते ज्ञान वापरल्यानेच फिटेल. ठेव त्यांनी ठेवली, तिचा लाभ जगभरच्या स्त्रियांना मिळू लागला. पण ज्यांच्या शेजारच्या जिल्ह्यात ती ठेव आहे, त्या आपल्या भगिनींनी अजून पासबुकही उघडलेले नाही. संशोधन झाले आणि सेवा आली नाही, तर त्या संशोधनाला अपुरे म्हटले पाहिजे.

६) दहावी शिकलेल्या भगिनींनी केलेले काम

व्हिनेगरची तपासणी निरुपयोगी, असा वरील निकालाचा अर्थ कोणी काढू नये. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री व सहकाऱ्यांनी दुसरा अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. वस्त्यांतीलच किमान दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रिया होत्या. त्यांना सुमारे महिनाभर प्रशिक्षण देऊन तयार केले होते. फरक एवढाच, की येथे तपासणी एकदाच न करता दर दोन वर्षांनी अशी चार वेळा झाली. बारा वर्षांनी पाहता मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. हा निकाल २०१३ मध्ये जाहीर झाला. तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेला गट याही अभ्यासात होता आणि वरचा प्रश्न यालाही लागू आहे, हे विसरून चालणार नाही.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले म्हणजे अर्थ लागतो. चांगली चाचणी असेल तर ती आयुष्यात एक-दोनदा झाली तरी लाभ आहे. साधी चाचणी असेल तर ती नियमाने पुन्हा पुन्हा व्हावी, आणि करणाऱ्या हातांवर सतत देखरेख असावी. एकदाच शिबिर भरवून, फोटो काढून, पुन्हा न फिरकणे यात मात्र फारसा लाभ नाही. हे आपण सर्व संस्थांनी मनावर घेण्यासारखे आहे. कारण शिबिरे भरविण्याची हौस आपल्यालाही आहे.

७) थांबलेल्या लसीकरणातून मिळालेले ज्ञान

या रोगाला लसही आहे. २००९ च्या सप्टेंबरमध्ये भारतात १० ते १८ वयाच्या मुलींमध्ये एक अभ्यास सुरू झाला. लसीच्या तीन मात्रा द्याव्यात की दोन पुरतात, हे त्यात पाहायचे होते. बार्शीचे रुग्णालय या अभ्यासाच्या केंद्रांपैकी एक होते. परंतु आंध्र प्रदेश व गुजरातमधील एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाल्याने एप्रिल २०१० मध्ये सर्वत्रच लसीकरण थांबविण्यात आले. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाले नसल्याचे आढळले. पण त्या प्रकल्पात मुलींच्या पालकांची संमती नीट घेतली गेली नव्हती, हेही उघड झाले. गरिबाच्या मुलीची संमती म्हणजे कागदावरची एक सही नव्हे, हा धडा देशाला त्या वेळी मिळाला.

मधेच थांबल्यामुळे या अभ्यासात हजारो मुलींना तीनऐवजी एकच मात्रा मिळाली होती. संशोधकांनी त्यांना सोडून दिले नाही. दहा वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की कर्करोगास मुख्यतः कारणीभूत असलेल्या १६ व १८ या प्रकारच्या विषाणूंचा टिकून राहणारा संसर्ग रोखण्यात एक मात्राही ९५ टक्क्यांच्या आसपास परिणामकारक ठरली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वीस वर्षांपर्यंतच्या मुलींसाठी एक मात्राही चालेल, अशी मुभा दिली. गरीब देशांचा लसीचा खर्च त्यामुळे एकदम खाली आला. येथेही मूळ गोष्ट तीच : नोंद ठेवली होती आणि माणसे सोडली नव्हती.

याच २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या भारतीय बनावटीच्या लसीला सरकारची मान्यता मिळाली. लस हडपसरला बनते, शिरूर-दौंडपासून एस.टी.च्या अंतरावर.

८) आपल्या दोन तालुक्यांचा विचार

आता घराकडे वळू. आपल्याकडे काहीच नाही, असे म्हणणे बरोबर होणार नाही. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्याचे काम १९७० च्या दशकापासून आहे. डॉ. बानू कोयाजी यांनी तेथे गावातीलच स्त्री-पुरुषांना आरोग्याचे प्रशिक्षण दिले. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून तेथे परिसरातील २२ गावांतील जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची घरोघर जाऊन नियमित नोंद होते. म्हणजे बार्शीच्या कामाचा जो पाया, ती नोंदणीची शिस्त, आपल्याच तालुक्यात आहे. परकी गोष्ट आणावयाची नाही. असलेली पसरवायची आहे.

शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीस वर्षांवरील सर्वांची तोंडाच्या, स्त्रियांची स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी असे ठरलेले आहे. गर्भाशयमुखासाठी व्हिनेगरचीच पद्धत सांगितली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, न्हावरा येथील ग्रामीण रुग्णालय, दौंडचे उपजिल्हा रुग्णालय ही आपली विचारण्याची ठिकाणे. उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. म्हणजे कागदावर साखळी पूर्ण आहे. ती तुटते ती मधल्या कड्यांत : तपासणी होते काय, दोष निघाला तर बाई पुढे जाते काय, आणि ती गेली नाही तर कोणी तिच्या दारात जाते काय?

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. कारखान्यांचा गळीत हंगाम आणि गुऱ्हाळे सुरू झाली, की भीमा आणि घोड नदीच्या काठी ऊसतोडणीच्या टोळ्या पाली ठोकतात. त्या भगिनींची नावे गावाकडच्या यादीत असतात तेव्हा त्या येथे असतात. आणि येथील यादीत त्या कधीच नसतात. रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत कंत्राटावर येणाऱ्यांचेही तेच. कोणत्याच वहीत नाव नसलेली बाई सर्वांत उशिरा रुग्णालयात पोहोचते. मिसरी लावणाऱ्या आपल्या आयाबहिणींचे तोंड तपासण्याची गोष्टही याच यादीत धरली पाहिजे.

९) आपल्याला काय करता येईल?

आपली संस्था रुग्णालय काढू शकत नाही. परंतु पुढील कामे तिच्या आवाक्यातील आहेत, असे आम्हांस वाटते.

पहिले, नोंदवही. प्रत्येक वस्तीतील तीस वर्षांवरील भगिनींची नावे, वय, तपासणी झाल्याची तारीख आणि पुढची तारीख, एवढेच तीत असावे. वही महिला मंडळाच्या दोन विश्वासू भगिनींकडे राहावी. आम्हा पुरुषांकडे नको. खातेदाराची शिल्लक आम्ही दुसऱ्यास सांगत नाही, तशीच एकीची तपासणी दुसरीला कळता कामा नये. हा विश्वास एकदा मोडला तर दुसऱ्या खेपेला कोणी येणार नाही.

दुसरे, सोबत. बाई एकटी आरोग्य केंद्रात जात नाही. पाच जणी मिळून जातात. वर्षावासात किंवा रविवारी विहारात जमणाऱ्या भगिनींनी महिन्यातून एक दिवस ठरवून घ्यावा. तपासणीला काही मिनिटे लागतात. एचपीव्हीच्या चाचणीसाठी तर नमुना स्त्रीला स्वतःलाही घेता येतो. ही चाचणी आपल्या केंद्रांत केव्हा मिळणार, हे आपण लेखी विचारले पाहिजे. लेखी अर्जाची पोच घ्यावी. पोच घेतलेला अर्ज सहजासहजी गहाळ होत नाही, एवढे आम्ही नोकरीच्या अनुभवावरून सांगतो.

तिसरे, पाठपुरावा. जिच्यात दोष निघेल तिला मोठ्या रुग्णालयात नेण्याचा प्रवासखर्च, तिची बुडालेली मजुरी आणि घरी मुलांना पाहणारे कोणी, या तीन गोष्टींसाठी एक छोटा निधी वेगळा ठेवावा. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी वाहन दिले म्हणून बाया आल्या, हे विसरू नये.

चौथे, पुरुषांशी बोलणे. घरातील खर्चाचा निर्णय बहुधा पुरुष घेतो. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे हे कधीही 'वयाचे' समजू नये, एवढे वाक्य प्रत्येक पुरुषाला पाठ असावे. आम्हांला ते माहीत असते तर २००९ मध्ये नोटा मोजून झाल्यावर आम्ही मावशींना बाजूला घेऊन आणखी एक प्रश्न विचारला असता. निदान आमच्या सौ.ना विचारायला सांगितले असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी लक्ष्य ठरविले आहे. नव्वद टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत लस, सत्तर टक्के स्त्रियांची पस्तिशीत व पंचेचाळिशीत उत्तम चाचणी, आणि रोग सापडलेल्या नव्वद टक्के स्त्रियांवर उपचार. हे आकडे जिनिव्हात ठरले. ते गाठले जाणार की नाही, हे मात्र आपल्यासारख्या गावांतल्या वह्यांत ठरेल. आमच्या घरापासून सुरुवात केली आहे. आमच्या सौ. आणि मावशींच्या दोन्ही सुना तपासणी करून आल्या आहेत. वहीत पहिली तीन नावे त्यांची आहेत. चौथी ओळ रिकामी आहे.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१) बार्शीच्या नोंदणीत आणि शहरातील नोंदणीत कोणता फरक होता? त्या फरकामुळे काय साधले?

२) तपासणी न झालेल्या गटाविषयी आपले मत काय? दोन्ही बाजू मांडून चर्चा करा.

३) उस्मानाबादच्या व मुंबईच्या अभ्यासांचे निकाल वेगळे का आले?

४) आपल्या वस्तीत अशा किती भगिनी आहेत, ज्यांचे नाव कोणत्याच वहीत नाही? त्यांची यादी पुढील बैठकीस आणावी.